सेवा नाही, नोकरी

आमच्या चर्चमध्ये तीन दिवसांचं शिबिर होतं. मुंबईहून एक वक्ते आले होते. गालाला माईक चिकटवलेला, पायांत पांढरेशुभ्र बूट. विषय होता, रोजच्या कामात देवाचा हेतू कसा शोधायचा. पहाटे होडीवरून आलेले बाप्ये मागच्या बाकांवर बसल्या बसल्या घोरत होते आणि हा गृहस्थ आमच्याकडून वदवून घेत होता, "माझं काम, माझी प्रार्थना!" बालवाडीतल्या पोरांकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं.

मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "ताई, तुम्ही काय काम करता?"

"नागावला एका बंगल्यात म्हातारा आहे. अर्धांगाचा. त्याचं हगणं-मुतणं काढते."

पुढच्या बाकावरच्या बायकांनी नाकाला रुमाल लावले. त्याचं हसू मात्र जागचं हललं नाही. "म्हणजे सेवा करता!"

"नाही. नोकरी करते."

त्याने घाईघाईने पुढच्या बाईला विचारलं. ती शिक्षिका होती. तिच्यात त्याला हेतू लगेच सापडला.

मला या लोकांची किळस येते, हे मी लपवत नाही. ज्यांनी कधी कुणाचं ढुंगण धुतलं नाही, त्यांनाच त्या कामात देव फार स्पष्ट दिसतो.

म्हातारा तरी कुठे संत होता? मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, जिभेने तिखट. पेज भरवली की निम्मी माझ्या अंगावर थुंकायचा. माझ्या गळ्यातला क्रूस बघून म्हणायचा, "तुझ्या देवाला स्वतःला खाली उतरता आलं नाही, तो मला काय उठवणार?" मी म्हणायची, "तोंड उघडा, साहेब." मुलगे अमेरिकेत नव्हते, मुंबईतच होते. तरी येत नव्हते.

शिबिरानंतर आमच्या प्रार्थना गटाच्या बाईंना माझा कळवळा आला. ह्या बाई रविवारी मिस्सेला पहिल्या बाकावर, आणि यांच्या घरची कामवाली, तीही ख्रिस्तीच, त्याच वेळी यांच्या घरी वडे तळत असते. दोघी मैत्रिणींना घेऊन त्या बंगल्यावर आल्या. म्हाताऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना केली. म्हाताऱ्याने डोळे घट्ट मिटून घेतले. मग त्यांनी फोटो काढला. मला म्हणाल्या, "बाजूला हो गं जरा, बादली दिसतेय."

गाडीचा आवाज लांब गेल्यावर म्हाताऱ्याने एक डोळा उघडला.

"गेल्या?"

"गेल्या."

"केवढ्याने ओरडतात! तुमचा देव बहिरा आहे का?"

मला हसू आलं. तोही हसला, वाकड्या तोंडाने. चार पावसाळे मी तिथे काम करत होते, पण आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेव्हाच.

थोड्या वेळाने म्हणाला, "तू मात्र माझ्यासाठी कधी प्रार्थना केली नाहीस."

"करते की."

"कधी?"

"तुम्हाला कुशीवर वळवते तेव्हा. पाठीला जखम होऊ नये म्हणून."

"ही प्रार्थना की काळजी?"

"मला त्यातला फरक कळत नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी तो पेज पुन्हा थुंकलाच. माणसं अशी एका दिवसात बदलत नाहीत. पण त्या दिवसापासून मी वळवायला गेले की चालता हात तो स्वतःहून उचलून घ्यायचा. तेवढं मला पुरे झालं. बाकी देवाचा हेतू काय होता, तो देव जाणे.

दिवाळीनंतर तो गेला. मुलगे धावत आले. थोरला मला म्हणाला, "बाई, आता पुढचं आमचं आम्ही करू." मी पडवीत जाऊन बसले. जरा वेळाने तोच बाहेर आला, कपाळावर घाम. बापाला हात कुठे घालून उचलायचं, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. भटजी घड्याळ बघत होते.

मी आत गेले. गरम पाणी घेतलं आणि त्याला अंघोळ घातली. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. मुलगे दाराशी भिंतीकडे बघत उभे होते. क्रूसाची खूण करावी असं मनात आलं, पण केली नाही. त्याला ती आवडली नसती. 'आमच्या बापा' ही प्रार्थना मात्र मनात पूर्ण म्हटली.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्या बाईंनी मला गाठलं. "पुढच्या शिबिरात साक्ष दे गं, तुझा अनुभव सांग. लोकांना प्रेरणा मिळेल."

"मला सवड नाही," मी म्हटलं. "रेवदंड्याला एक आजी पडल्या आहेत, उद्यापासून तिकडे जाते. तुमच्याच कामवालीला उभी करा. पण त्यासाठी तिला आधी मिस्सेला येऊ द्यावं लागेल."

बाईंचा चेहरा पडला. मी पायऱ्या उतरून रिक्षा बघायला गेले.