मिठाचा शेक

कॅन्सरची गाठ काढली, पण छाती राहिली. काखेतूनही काही काढलं होतं, म्हणून तिथून एक नळी बाहेर, नळीला बाटली. बाटलीत येणारं पाणी कमी झालं तेव्हा गोव्याच्या इस्पितळात नळी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिथं परत पाणी साचू शकतं, फुगलं तर दाखवायला या. मी मान हलवली. सातवीतून शाळा सुटलेली, डॉक्टरपुढं मान हलवणं तेवढं येत होतं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. शिरोड्याला आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. नवरा चिऱ्याच्या खाणीवर, मी काजूच्या कारखान्यात. गाव जालन्याकडं, तिथं कुणाला कळवलंच नव्हतं. घरमालकीण काकी मासे विकायच्या. इस्पितळातून आल्यापासून माझी वेणी त्याच घालायच्या, पेजही त्यांच्याच घरची.

आठवड्यात काख भरली. कूस बदलली की आत पाणी हलायचं. शहाळं कानाशी धरून हलवतात ना, तसं. मला वाटलं, आलं परत. आता सगळीच छाती काढतील. दाखवायला गेलेच नाही.

वेणी घालताना काकींना सूज दिसली. डोक्यावर पाटी वाहून त्यांची मान धरायची, तेव्हा त्या खडेमीठ तव्यावर तापवून, फडक्यात बांधून शेकायच्या. तेच त्यांनी मला सुरू केलं. पुरचुंडी काखेखाली दाबून म्हणाल्या, "बरा वाटता मां गो?"

मला काहीच वाटत नव्हतं. ऊब नाही, फडक्याचा स्पर्शही नाही. पण चुलीपुढं घामानं भिजलेल्या त्या बाईला हे कसं सांगायचं? म्हटलं, "बरं वाटतंय काकी. अजून ठेवा."

तिसऱ्या दिवशी फोड आले. त्या दिवशीचा बाजार बुडवून काकीच मला इस्पितळात घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. फोड टाळून, बाजूनं सुई घालून पाणी काढलं. पिवळसर, वाटीभर. म्हणाल्या, हा आजार नव्हे, जखम भरताना साचतं असं. छाती काढायची नाही. परत भरलं तर या, त्या हातानं जड उचलू नका, आणि शेक तर कधीच नको. ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. तुम्हाला कळलं नाही ना, त्यांनी विचारलं. मी सांगून गेले, पहिल्या दिवसापासून काहीच कळत नव्हतं.

काकी शेजारीच बसल्या होत्या.

"मगे बरा वाटता असा कित्याक सांगीत ऱ्हवलंस?"

येताना एसटीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या.

पाणी आणखी दोनदा काढावं लागलं, मग थांबलं. फोडांवर मलम काकीच लावायच्या. बोट टेकवायच्या आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या. दुखतंय म्हटलं तरी बघायच्या, नाही म्हटलं तरी. माझ्या शब्दावर त्यांनी परत काही सोडलं नाही.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते बघणं काही माझ्यावरून हटत नाही.