माईंचं बसवलेलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. कोपरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माईंच्या सगळ्या लाल कोळंब्या मी मारल्या. मारल्या चुकून. गप्प बसलो ते मात्र चुकून नाही.

या कोळंब्या खायच्या नव्हेत, पाळायच्या. नखाएवढ्या, गोड्या पाण्यातल्या, लोक शोभेला काचेच्या टाकीत सोडतात त्या. माई त्यांची पैदास करायच्या, तीही मासळी बाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत. त्यांच्या गॅलरीत अशी पाच खोकी होती. "पांढऱ्यात लाल कसा उठून दिसतो बघ. आनि उन्हाल्यात पानी तापत नाय," असं त्यांचं म्हणणं. माईंचं बालपण मिठागरात गेलेलं. "जल्मभर मीठ ओढलं, आता गोडं पानी संभालते," म्हणून हसायच्या. जिन्यात कुणी "माई, रस्सा कधी?" असं विचारलं, की उत्तर तयार असे: "ये की! पन पोट नाय भरायचं, नुसत्या दातांत अडकतील."

त्यांची-माझी खरी ओळख झाली ती माझी कंपनी बंद पडल्यावर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी घरी बसलो. कुणाशी बोलत नव्हतो, दाढी करत नव्हतो. एक दिवस माईंनी गॅलरीतून हाक मारली, "बाला, जरा बादली उचलायला ये." वर गेलो तर बादली अर्धीच भरलेली. ती त्यांना सहज उचलता आली असती. नळाचं पाणी त्या थेट खोक्यात कधी घालत नसत, एक दिवस बादलीत तसंच ठेवत. "नलाचं पानी लांबून दमून येतं. त्याला बसू द्यायचं, मंग कामाला लावायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मानसाचंबी तसंच." मी रोज वर जायला लागलो. त्या चार महिन्यांत मला नोकरी कधी लागणार असं न विचारणाऱ्या त्या एकट्याच भेटल्या.

शिकवायची रीत त्यांची त्यांचीच. पहिल्यांदा पाण्यात पारदर्शक टरफल तरंगताना दिसलं तेव्हा मी घाबरून ओरडलो, "माई, एक मेली!" त्या आल्या, टरफल बोटावर घेऊन म्हणाल्या, "मेली नाय रं, कात टाकली. आता दोन दिवस लपून बसंल. अंग कवलं हाय ना तिचं. तिला हुडकू नको." पोटाखाली अंडी घेऊन बसलेली मादी दिसली की आवाज खाली आणायच्या, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बोलावं तसं. ती पायांनी अंड्यांना वारा घालत राही आणि माई बघत राहत.

गडद लाल निघतील त्या पहिल्या खोक्यात, फिक्या शेवटच्यात. असं पाच वर्षं निवडत निवडत पहिल्या खोक्यात त्यांनी कुंकवाचा रंग आणला होता. फिक्या बाहेर टाकायला त्या तयार नसत. "फिक्या नाय त्या, सावकाश हायत." त्यातल्या वीस-एक त्यांनी मला दिल्या. मी घरी लहान काचेची टाकी केली.

मे महिन्यात माई चार दिवस उरणला पुतणीच्या लग्नाला गेल्या. घरात मुलगा आणि सून सुजाता होती, पण "तिचा हात घाईचा" म्हणून पाण्याचं काम माझ्यावर. सांगून गेल्या, "शुक्रवारी नलाला पानी नसतं. बेस्तरवारीच बादली भरून ठेव." मी विसरलो. शुक्रवारी वर गेलो तर बादली कोरडी आणि उकाड्याने खोक्यांतलं पाणी चार बोटं उतरलेलं. मला आठवला आमच्या स्वयंपाकघरातला आईचा तांब्याचा हंडा. कालपासून बसलेलं, गार, आम्ही पितो ते पाणी. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी मी पाचही खोक्यांत ओतलं. माझी स्वतःची टाकी, म्हटलं, उद्या बघू.

शनिवारी सगळ्या तळाशी पडल्या होत्या. मी स्टेशनजवळच्या, शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "तांबं? अहो, कोळंबीला विषच ते." घरी येऊन मी हंडा माळ्यावर टाकला. बायकोला सांगितलं, गळतोय.

माई आल्या. पहिल्या खोक्यापाशी बसल्या. मग सुजाता वहिनींना विचारलं, "तू काय फवारलंस?" त्यांनी गुरुवारी ओट्याखाली झुरळांचं औषध मारलं होतं. "आई, दार लावलेलं हो मी! शपथ!" त्या रडायला लागल्या. मी तिथेच उभा होतो. माईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. फवाऱ्यानेच असेल, अशी.

दुसऱ्या दिवशी माझ्या टाकीतल्या फिक्या कोळंब्या मी त्यांना नेऊन दिल्या. माई पुन्हा निवडायला बसल्या, सत्तरीत. तीन वर्षांत लाल रंग परत आला. येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "या बालानं माजा वंश वाचवला." मला नोकरी लागली, बोलता येऊ लागलं, सकाळी उठावंसं वाटू लागलं, ते सगळं त्या गॅलरीतलं. आणि त्या वाक्याला दर वेळी मी हसत होतो. आज सांगतो उद्या सांगतो करता करता, या वर्षी माघात माई गेल्या.

तेराव्यानंतर सुजाता वहिनींनी मला वर बोलावलं. गॅलरीच्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. त्या शनिवारपासून त्या आत पाऊल टाकत नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. "भाऊजी, खोकी तुम्हीच न्या. माझा हात लागला की मरतात."

मी खोकी खाली आणली. कोळंब्या छान आहेत, परवा एकीला अंडी आली. माईंचं देणं फिटायचं नाही आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही. पण वहिनींचं फेडायचं आहे. ते पाणी मी घातलं होतं, वहिनी. हे तुमच्या दारात उभं राहून तुम्हाला सांगायचं, आणि पहिलं खोकं तुमच्या हातात परत द्यायचं, एवढं मी अजून देणं लागतो.