देवदाराचा पलंग

बाबा चिंचवडच्या एका कंपनीत फिटर होते. तिथे एकदा उत्तरेकडून अवजड मशीन आलं. त्याच्या खोक्याच्या फळ्या त्यांनी साहेबांना विचारून घरी आणल्या. कंपनीतल्या सुताराने एक फळी हुंगून सांगितलं होतं, "देवदार आहे राव. हिमालयातलं झाड, बारा महिने हिरवं. वाळवी शिवत नाही याला." मग त्या फळ्या पिंपरीच्या आमच्या खोलीत वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिल्या.

गेल्या वर्षी आम्ही रावेतला फ्लॅटमध्ये आलो. आईचे गुडघे गेलेले, खालच्या गादीवरून तिला उठवत नव्हतं. बाबांनी फळ्या काढल्या. मी चाकणहून शिफ्ट करून यायचे तेव्हा ते बाल्कनीत रंधा मारत असायचे. दम लागला की थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा सुरू. माझ्यातही त्राण उरलेलं नसायचं. मी भुसा तेवढा झाडायचे.

पलंग झाला. पण तासलेल्या लाकडाचा वास घरभर भरला. मला तो आवडायचा, थोडा औषधी, थोडा धुपासारखा. एकदा सकाळच्या शिफ्टला निघताना पाहिलं, तर आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपलेली.

"आई, इथे का गं?"

"डोकं धरतं त्या वासाने. त्यांना सांगू नको. किती खपलेत ते."

बाबा मागे दारातच उभे होते.

"सांगायचं ना मग," ते म्हणाले.

"तुमची हौस बघून तोंड उघडेना माझं."

"हौस कसली? कधी एकदाचं संपतंय असं झालं होतं मला."

आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. बाबाही तिच्याशेजारी स्टूल ओढून बसले. दोघं इतकी दमलेली दिसत होती, की चहा मीच टाकला, आणि माझी बस चुकली.

त्याच आठवड्यात दुकानातून लोखंडी पलंग आला. बाबांनी देवदाराच्या पलंगाचे स्क्रू काढून फळ्या भिंतीला लावून ठेवल्या.

"त्यांची पेटी करा," आई म्हणाली. "गोधड्यांना कसर लागणार नाही. बाल्कनीत ठेवू."

"करतो. पण घाई करू नकोस मला."

तिने केली नाही. पेटी झाली आहे, झाकण अजून व्हायचंय.