ढब्बू आणि गंजके खिळे

त्याच्या सलूनमध्ये खुर्चीही एकच होती आणि संगीतही एकच. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं, की भिंतीवरच्या स्पीकरमधून 'गंजके खिळे' या बँडची गाणी त्याच्या अंगावर धावून यायची. ड्रमचा जोर वाढला की वस्तराही ठेका धरायचा, आणि खुर्चीतला माणूस जीव मुठीत धरून आवंढा गिळायचंसुद्धा टाळायचा. अजून कुणाचा कान तुटला नव्हता, एवढंच.

'गंजके खिळे'मध्ये चौघे होते आणि चौघांचेही केस कमरेपर्यंत.

"तुमच्या धंद्याच्या मुळावर उठलेली माणसं ही," बायको म्हणायची. "सगळ्यांनी यांचंच बघून केस वाढवले तर आपण काय खायचं?"

पण ऐन विशीत ज्याच्या टाळूवर मैदान पडलं, त्याला त्या केसांबद्दल काय वाटतं हे तिला कुठून कळणार? भिंतीवरच्या पोस्टरमध्ये गिटारवाल्याने मान झटकलेली, ती काळीभोर लाट उसळून हवेतच थांबलेली, आणि आमचा हा त्यापुढे कात्री हातात धरून तसाच उभा राहायचा.

पन्नासाव्या वाढदिवसाला बायकोने दुकानात येऊन त्याच्या हातावर 'गंजक्या खिळ्यां'च्या कार्यक्रमाची दोन तिकिटं ठेवली. आनंदाच्या भरात तो मटकन खुर्चीत बसला. खुर्चीत गिऱ्हाईक होतं.

"दुसरं तिकीट तुझं ना?" गिऱ्हाइकाच्या मांडीवरूनच त्याने विचारलं.

"छे! मला माझे कान अजून वापरायचेत. ताईंना घेऊन जा."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. सगळी नोकरी इस्पितळात मेट्रन म्हणून केलेली. निवृत्त होऊनही समोरचा माणूस तिला पेशंटच वाटायचा. लहानपणी तिने भावाचं नाव 'ढब्बू' ठेवलं होतं आणि हे नाव त्याने गिऱ्हाइकांपासून आजवर जिवापाड लपवलं होतं. कार्यक्रमाच्या मैदानात पाऊल टाकताच ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

"ढब्बू! स्वेटर घाल!"

"ताई, भर दुपार आहे. इथे लोक उघडे फिरताहेत."

"त्यांना बहिणी नसतील."

ढब्बूने निमूटपणे निळा स्वेटर चढवला.

मग पहिलं गाणं सुरू झालं. दुकानात हा ड्रम कानात वाजायचा, इथे बरगड्यांत वाजत होता. त्याच्या डोळ्यांना धार लागली. तो बेंबीच्या देठापासून किंचाळला. शेजारी ताईही किंचाळत होती, पण ती "पाय! माझा पाय!" असं.

अडचण एकच होती. ढब्बूची उंची बेताची आणि त्याच्यापुढे एक अवाढव्य पाठ. म्हणून तो उड्या मारायला लागला. एका उडीत त्याला गायकाचं कोपर दिसलं, एकीत गिटारचं टोक. तिसऱ्या की चौथ्या उडीला त्याचा बूट निसटला. तो शोधायला खाली वाकला आणि तिथेच घात झाला.

"अरे, काका पडले!"

"उचला, उचला!"

बघता बघता ढब्बू लोकांच्या हातांवर आडवा. "बूट! बूट!" तो जीव तोडून सांगत होता. लोकांना वाटलं काका रंगात आलेत. तेही "बूट! बूट!" करत त्याला पुढे ढकलायला लागले. तो उताणा होता, त्यामुळे सगळा प्रवासभर त्याला फक्त आभाळ दिसलं, आणि एकदा एक कावळा. अगदी पुढे रखवालदारांनी त्याला पोत्यासारखं झेललं आणि बाजूच्या दाराने थेट बाहेर, चहाच्या टपरीपाशी आणून उभं केलं.

इकडे भाऊ दिसेना म्हणताना ताईने पदर खोचला. स्टेजच्या पायऱ्यांवरच्या धिप्पाड रखवालदाराने तिला अडवलं. तिने त्याच्या कपाळाला हात लावला, खालची पापणी ओढून पाहिली, "झोप नाही तुला पुरेशी," म्हणाली आणि तो विचारात पडला तेवढ्यात वर गेली.

टपरीपाशी ढब्बू एका पायावर उभा होता. अचानक गाणं थांबलं.

"मंडळी, एक माणूस हरवलाय," गायकाचा घोगरा आवाज मैदानभर घुमला. "निळा स्वेटर. डोक्यावर केस नाहीत. नाव... काय म्हणालात, आजी? बरं, बरं, ताई. नाव ढब्बू. ढब्बू, तुझी ताई इथे आहे. आणि तिने सांगितलंय, स्वेटर काढलास तर बघ."

ढब्बूच्या अंगावर काटा आला. त्याचा देव त्याचं नाव घेत होता, आणि घेऊन घेऊन हेच! तोवर मैदान गर्जायला लागलं होतं. "ढब्-बू! ढब्-बू!" गर्दी दुभंगली आणि मधल्या वाटेने ढब्बू एका बुटावर लंगडत स्टेजपर्यंत गेला. त्याचा दुसरा बूट आधीच हातोहात पोहोचला होता. तो हातात घेऊन ताई कानांत कापूस कोंबून स्पीकरशेजारी उभी होती. उरलेला कापूस ती रखवालदारांना वाटत होती.

"कुठे उलथला होतास?"

"राहू द्या त्यांना इथेच," गायक म्हणाला, "नाहीतर पुन्हा हरवतील."

अशी शेवटची गाणी ढब्बूने स्टेजच्या कडेला उभं राहून ऐकली. हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर गिटारवाला. त्याने मान झटकली, लाट उसळली, आणि ढब्बूचं काळीज लक्कन हललं. केस मागे गेले ते गेलेच. कपाळ बोटभर वाढलं होतं. केसांचा टोप! भारी होता, पण घामाने डिंक सुटला होता.

क्षणभर त्याला वाटलं, आपली सगळी वर्षं फुकट गेली. मग त्याला गिटारवाल्याची ती नवी चकचकीत कडा दिसली आणि एकदम भरूनच आलं. म्हणजे हा आपल्यातलाच! त्याने घाईघाईने स्वतःच्या कपाळावर थापा मारून खूण केली. गिटारवाल्याने पाहिलं. लोकांकडे पाठ केली, दोन्ही हातांनी टोप खाली दाबला आणि सूर न चुकवता पुन्हा गिटारला भिडला. पुढे जवळून जाताना त्याने ढब्बूच्या तुळतुळीत डोक्यावर तळव्याने चार ठोके दिले, अगदी तालात.

ही गोष्ट ढब्बूने कुणालाही सांगितली नाही. ताईलाही नाही, आणि तिने पाहिलं असलं तरी तीही बोलली नाही. पेशंटची गुपितं बाहेर काढायची तिला सवय नव्हती.

घरी पोहोचेपर्यंत दोघांच्याही कानांत नुसती शिट्टी वाजत होती. बायकोने दार उघडलं.

"काय, कसा झाला कार्यक्रम?"

"नको, चहा झालाय!" ढब्बू ओरडला.

"अहो, कार्यक्रम!"

"कोणाचं क्रमाक्रमाने?" ताईने तिच्याहून मोठ्याने विचारलं. "आजारी आहे का कुणी? जीभ दाखव."

बायकोने कपाळावर हात मारला. मग दोघांना खांद्याला धरून बसवलं, पुढ्यात ताटं ठेवली आणि हातांनीच खूण केली, जेवा.