लाल झालेला बदाम

रास अल खैमातल्या त्या जुन्या खजुराच्या बागेत मोहिद्दीन पाण्याचं इंजीन चालवायचा. मातीचा एक पडका बुरूज, मालकाच्या आजोबांनी खणलेली विहीर आणि तीनशे खजूर, एवढंच त्याचं जग. खजूर बारा महिने एकाच रंगाचा. थंडी येवो की जावो, त्याला काही सोयरसुतक नाही. रत्नागिरीकडच्या माणसाचे डोळे अशा झाडांवर रमायचे कसे?

म्हणून त्याने विहिरीजवळ एक देशी बदाम लावला होता. एकसष्ट साली घरून निघताना बायकोने, जुलेखाने, गावच्या मशिदीसमोरचे बदाम वाटेत फोडून खायला ट्रंकेत टाकले होते. त्यातला एक उरला, तो त्याने पुरला. सहा वर्षांत झाड बुरजाएवढं झालं आणि सदुसष्टच्या थंडीत पहिल्यांदाच अंगभर रंगलं. आधी कडेची पानं पिवळी, मग नारिंगी, मग सगळं झाड लालभडक. मोहिद्दीन इंजीन बंद करून खाली बसायचा आणि शिंकसुद्धा जपून द्यायचा. न जाणो, चार पानं जास्त गळायची.

गळलेली पानं तो झाडून पोत्यात भरायचा. कोकणात असा पातेरा गोळा करतात, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला. इथे भात कुठला? पण हातांना कोण सांगणार! बारा पोती भरली.

मग एका शुक्रवारी मालक आला. त्याला सगळे अरबाब म्हणत. तरुणपणी मुंबईत मोती विकलेला माणूस, हिंदी फर्डं बोलायचा. लाल झाड बघून त्याचा चेहरा उतरला.

"ये बीमार है. खजूर को भी लगेगा. काट डालो, खलास."

"नहीं अरबाब, बीमारी नहीं, रंग है. हमारे उधर हर साल होता है. पत्ता गिरेगा, फिर नया आएगा."

"तुम तो गुरुवार को छुट्टी पे जाता है. बाद में कौन देखेगा?"

"नया पत्ता आने तक मैं नहीं जाएगा."

कुणी मागितली नसताना मोहिद्दीन जबान देऊन बसला. अरबाबने मान हलवली.

गुरुवारी मुंबईची बोट त्याच्याशिवाय सुटली. ट्रंकेत अन्वरीचा फ्रॉक तसाच राहिला. ही त्याची मुलगी तो निघाल्यावर चार महिन्यांनी जन्मली. बाप तिने फोटोतच पाहिलेला. खरं सांगायचं तर झाडावर नजर ठेवायला शेजारच्या बागेतला हारुन होता की! पण मोहिद्दीनला भीती होती. पोर दारात उभी राहून आईला विचारेल, "हे कोण?" मग आपण काय करायचं? झाड तसं काही विचारत नव्हतं. त्याच्याखाली बसून तो एकटाच रडला, आणि जुलेखाला लिहिलं: पहिल्यांदा लाल व्हायला याला सहा वर्षं लागली, आता याला वाचवायला थांबलोय. पाकिटात एक लाल पान घातलं.

झाड पार उघडं झालं. मग एका सकाळी फांद्यांच्या टोकांना कोवळी पालवी दिसली. अरबाबने खोडावर थाप मारली. "सच बोला तुम. यल्ला, अब घर जाओ."

"इन्शाल्ला," मोहिद्दीन म्हणाला आणि इंजीन पुसायला लागला. पुढची बोटही गेली.

त्यानंतर जुलेखाचं पत्र आलं.

"पान पोचलं, पण वाटेत चुरा झाला. अन्वरीने तो डबीत जपून ठेवलाय. मशिदीसमोरचा एक बदाम आणून तिने दारात पुरला, रोज पाणी घालते. विचारते, हे झाड लाल झालं की अब्बा याच्याखाली बसायला येतील ना? तुम्हीच लिहिलंत, सहा वर्षं लागतात. तिला काय सांगू?"

मोहिद्दीनने पत्र दोनदा वाचलं. बोटांवर वर्षं मोजली. अन्वरी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असणार. इंजीन चालूच ठेवून, ओल्या पायांनी, तो अरबाबच्या घराकडे धावला आणि दारातूनच ओरडला,

"अरबाब, बोट कब है?"