उंच तेवढी ठेवा, जाड काढा

"मडावीले सस्पेंड करायले लावतो!" रेंजर साहेब ओरडत होते. समोर धानोऱ्याकडचं आमचं सागाचं रोपवन आडवं पडलं होतं. आदल्या दुपारच्या वादळात अर्धीअधिक झाडं मोडली, आणि दोष कोणाचा? वनरक्षक मडावीचा! म्हणे त्यानं चुकीची झाडं तोडवली. माझं डोकंच सणकलं. मडावीच्या घरी पाच खाणारी तोंडं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथला वनपाल, मडावी माझ्या हाताखाली, रेंजर साहेब माझ्यावर. विरळणी म्हणजे दाटीतली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा देणं. ती करा म्हणून मी तीन वर्षं लिहीत होतो. फाइल परत यायची. दाटीतली झाडं उजेडासाठी नुसती वर पळतात, अंग धरत नाहीत. मग रेंजर साहेबांना एकदम जाग आली. आम्हा सगळ्यांच्या वरच्या डीएफओ साहेबांची व्हिजिट होती ना!

"उंच तेवढी ठेवा, बुटकी जाड काढा. रस्त्यावरून रोपवन दिसलं पाहिजे."

"सर, ही लंबू झाडं शेजाऱ्यांच्या आधारानं उभी आहेत. एकटी टिकणार नाहीत."

"तुम्हाले विचारलं काय?"

हिशेब साधा होता: उंची भागिले जाडी. पंधरा मीटर उंच झाडाचं खोड छातीच्या उंचीवर पंधरा सेंटीमीटर भरलं, तर उत्तर शंभर. म्हणजे धोका. तेच खोड पंचवीस सेंटीमीटर असेल तर साठ. ते डोलेल, पण उभं राहील. त्यात पावसाळ्यात सागाला सुपाएवढी पानं, सगळा वारा शेंड्यावर. पण ऐकतो कोण!

चार दिवसांनी डीएफओ साहेब नुकसान पाहायला आले. रेंजर साहेबांनी मडावीकडं बोट दाखवलं. मडावी बिचारा खाली मान घालून उभा होता. मग हळूच म्हणाला, "साहेब, थुटावर हातोडा कोनाचा हाय, ते पाहून घ्या ना."

रागाच्या भरात मला हे सुचलंच नव्हतं! तोडायच्या झाडाच्या बुडाशी लोखंडी हातोड्यानं शिक्का उठवतात. झाड जातं, शिक्का थुटावर, म्हणजे मागं उरलेल्या खुंटावर राहतो. आणि तो हातोडा रेंजर साहेब स्वतःच्या कुलपात ठेवायचे. आमच्या हाती कधी द्यायचेच नाहीत.

डीएफओ साहेबांनी वाकून चिखल पुसला. एक थूट, दुसरं, दहावं. सगळी जाड, सगळ्यांवर शिक्का. नाल्याकाठची चार जाड झाडं मार्किंगमधून सुटली होती, ती तेवढी खणखणीत उभी. मी टेप लावून मापं दाखवली. रेंजर साहेब आभाळाकडं पाहत होते.

मडावीची नोकरी वाचली. रिपोर्टात मात्र कारण आलं, 'नैसर्गिक आपत्ती'. मी चिडून डीएफओ साहेबांना विचारलं, "सर, चूक कोणाची ते लिहायचं नाही?"

"तुमचा माणूस सुटला ना? बस करा आता."

मडावीला रिपोर्ट वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हंजे हवेनंच गलती केली म्हना!"

त्यानंतर लेखी आदेशाशिवाय मी एकही जाड झाड तोडू दिलं नाही.