वाटी कुठी गेली?

आंतरराष्ट्रीय कंपन्यांचे हिशेब म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं, मला माहीत आहे. काचेची इमारत, थंडगार एसी, आणि कोट घातलेला एक गोरागोमटा मनुष्य चार घड्याळांखाली बसून चार देशांशी बोलतो आहे. आता हा पोरगा त्याचं कौतुक करणार, असंही वाटलं असेल.

नाही करणार. एसी आमच्याकडे होता, पण तो लावला की कॉम्प्युटर बंद पडायचे. आणि मनुष्य म्हणाल तर ती बाई होती. सुती साडी, पायात पावसाळी चप्पल आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. तीन देश त्या पेन्सिलीवर चालायचे.

हिशेब कुठं अडला की ती पेन्सिल काढायची, टेबलावर दोनदा आपटायची आणि म्हणायची, "थांबा जरासं. वाटी कुठी गेली ते पाहू द्या."

आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. ती रोज तिवस्याहून एसटीनं यायची. भावांचा तिकडे भाजीपाल्याचा आणि झेंडूचा मळा. ऑफिस अमरावतीला, राजापेठेत, मिठाईच्या दुकानाच्या वर. त्यामुळे आमच्या फायलींनासुद्धा तुपाचा वास यायचा. काम एका पंप बनवणाऱ्या परदेशी कंपनीचं. मोठं ऑफिस हॉलंडला, सुटे भाग पोलंडच्या कारखान्यात बनायचे आणि पंप जोडायचे मलेशियात. तिन्ही देशांची वेगवेगळी खाती दर तिमाहीला एकत्र करून एकच हिशेब करायचा, हे आमच्याकडे.

मी परतवाड्याचा. मराठी शाळा, बी.कॉम., आणि अंगात एकच कला: ज्याचा म्हणाल त्याचा आवाज काढतो. पहिल्याच दिवशी मी पोलंड आणि मलेशियाच्या विक्रीची बेरीज करून ताईपुढे ठेवली. तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुह्या घरी काकू हाय का रे?"

"हाव."

"तिनं तुह्या मायकडून वाटीभर साखर नेली. तुह्या मायनं मंग काकूकडून वाटीभर आनली. घरात साखर किती वाढली?"

"काईच नाई."

"मंग हे पोलंडनं मलेशियाले इकलं, ते तू कंपनीची इक्री म्हनून काहून धरलं? घरातल्या घरात वाटी फिरली, बावा. पंप बाहेरच्यानं घेतला, तवा इक्री झाली."

"अन् पोलंडनं त्यात नफा लावला तो?"

"आईनं लेकीले भाजी इकली अन् नफा झाला म्हनून पेढे वाटते का कोनी?"

कॉलेजात हा धडा आम्हाला तीन आठवडे शिकवला होता. कोणालाच कळला नव्हता. इथं साखरेची एक वाटी लागली.

हे ती कुठं शिकली? अकोल्याला, जुन्या शहरातल्या एका दालमिलीत. मालकाच्या चार फर्मा होत्या, एक स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, दोन पोरांच्या. तूर एका फर्ममधून दुसरीत जायची, डाळ होऊन तिसरीत, आणि भरडताना निघालेली चुनी चौथीत. "मालक म्हने धंदा चौपट झाला," ताई सांगायची. "मी म्हनो, मालक, तूर तं तेवढीच हाय."

हॉलंडच्या साहेबाशी दर आठवड्याला कॉल असायचा. ताईला सगळं समजायचं, पण इंग्रजीत बोलायचं म्हटलं की तिच्या तोंडाला कुलूप. म्हणून आधी आमचे मालक, म्हणजे ऑफिसचे सर, स्वतः बोलायचे; मी आल्यावर त्यांनी मला तिच्या शेजारी बसवलं. कॅमेरा बंद. "आमच्याकडे इंटरनेट हळू आहे," असं साहेबाला सांगून ठेवलेलं. माइक बंद करून ताई वऱ्हाडीत सांगायची, मग माइक चालू करून मी तेच असल्या काही इंग्रजीत बोलायचो की साहेबाला वाटावं, हा पोरगा लंडनच्या पलीकडे कधी गेलाच नाही. कॉल संपला की मी साहेबाचा आवाज काढायचो. ताई पदर तोंडाला लावून हसायची आणि लगेच दटावायची, "पुरे. खाल्ल्या ताटाची मस्करी करू नाई."

तीन वर्षं असं चाललं. साहेब कौतुक करायचा, ते माझं. मीही घ्यायचो. खोटं कशाला सांगू?

मी राहायचो खोलीवर, जेवायचो मेसला. तिथली भाजी एकदा पाहून ताई रोज माझ्यासाठी छोट्या डब्यात भाजी आणायला लागली. संध्याकाळी मी डबा परत द्यायचो. ती उघडून पाहायची.

"रिकामा डबा परत देते का कोनी? दोन दाने साखर तरी टाकत जाय. मायनं काई शिकवलं का नाई?"

मी हसण्यावारी न्यायचो. मेसवाल्याला साखर कोण मागणार?

मग ते भांडण निघालं. पोलंड म्हणे, मलेशियानं आम्हाला इतके द्यायचे आहेत. मलेशिया म्हणे, इतके नाहीत, कमी आहेत. फरक दर तिमाहीला वाढत चालला. हॉलंडच्या ऑडिटरांनी हात टेकले. साहेब कॉलवर सुस्कारे सोडायला लागला. मी त्याचे सुस्कारेसुद्धा शिकलो.

ताईनं पेन्सिल काढली. दोनदा आपटली. "पोलंडहून माल कशात जाते?"

"लोखंडी पेट्यांत."

"त्या पेट्या वापस येते का?"

"येतात ना. रिकाम्या."

"रिकाम्या? इतक्या दुरून?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्या पाठवत होतो. "इचार साहेबाले. कोनी उघडून पाह्यल्या का?"

मी विचारलं. साहेब हसला. पण चार दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा हसत नव्हता. मलेशियावाले खराब निघालेले भाग त्याच पेट्यांत भरून परत पाठवायचे आणि आपल्या खात्यातून तेवढे पैसे कमी करायचे. पोलंडच्या गोदामात मात्र 'रिकाम्या पेट्या आल्या' एवढंच लिहायचे. आतला माल एका कोपऱ्यात ओतून मोकळे. तिथं त्याचा ढीग लागला होता.

"आपल्यासारखेच हाय बिचारे," ताई मलेशियाबद्दल म्हणाली. "रिकामी वाटी पाठवत नाई."

पुढच्या कॉलला साहेबानं मला सांगितलं, तीन महिने इकडे ये, हॉलंड आणि पोलंड दोन्हीकडे बसून ही पद्धत आमच्या माणसांना शिकव. समोर बसलेल्या सरांनी अंगठा वर करून मला शाब्बासकी दिली. ऑफिसात टाळ्या पडल्या.

ताईनंही टाळी वाजवली. "जाय, बाबू. थंडी असते म्हने तठी. सेटर घेजो."

आणि मग तिनं टेबलाचा खण उघडला. खणात काय आहे ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिचा पासपोर्ट. काम नवीन होतं तेव्हा सर म्हणाले होते, कधीतरी कोणाला तिकडे जावं लागेल. ताईनं दुसऱ्याच दिवशी अर्ज केला होता. त्याला आता आठ वर्षं झाली. आत एक शिक्का नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून ठेवलेला. तिनं तो उचलला नाही. फक्त बोटानं मागं सरकवला, अगदी मागं, स्टेपलच्या डब्याच्या पलीकडे, आणि खण लावून टाकला.

बस, एवढंच. पण मी पाहिलं.

मी साहेबाला म्हटलं, ही अक्कल माझी नाही, शेजारी एक बाई बसते तिची आहे. मी नुसता आवाज. साहेबाला वाटलं मी विनयानं बोलतो आहे. भारतीय माणसं फार नम्र असतात, असं म्हणाला. सर समोरून डोळे वटारत होते.

तेव्हा मी माइक चालूच ठेवला, कॅमेरा लावला, ताईकडे वळवला आणि गंभीरपणे म्हणालो, की मलेशियाच्या गोदामात पडून असलेल्या मालावर पोलंडनं जो नफा लावला आहे, तो आपण या वर्षी कंपनीच्या नफ्यात धरून टाकू.

मुद्दाम.

"अरे भैताडा!" ताई उठून उभीच राहिली. "घरातला नफा नफ्यात धरते?" आणि माझ्याकडून आशा सोडून ती थेट पडद्याकडे वळली. माझ्या भाजीचा डबा हातात घेतला. "नो सर! नो! ही इज मॅड. सी. बाउल गो. बाउल कम. शुगर सेम!"

पुढची दहा मिनिटं ती बोलत होती. डबा टेबलावर पोलंडहून मलेशियाला जात होता आणि परत येत होता. क्रियापदं फारशी नव्हती. साहेबानं एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी त्यानं मला हळूच विचारलं, ह्या कोण?

मी म्हटलं, तीन वर्षं तुम्ही ह्यांच्याशीच बोलताय.

माझ्याऐवजी ताई तिकडे गेली, त्याला आता महिना होत आला. तिच्या खुर्चीवर मी बसतो, पेन्सिल आपटतो, तिचा आवाज काढतो. पोरं हसतात. पण हिशेब काही त्या आवाजाला भीत नाही.

काल दुपारी फोन आला, पोलंडच्या गोदामातून.

"पोट्ट्या, त्या दिवसाची तुही शीट आज उघडली मी. शीटमंधी नफा बरोबर काढून टाकला हाय. बरोबर! म्हंजे कागदावर बरोबर केलं अन् तोंडानं चुकीचं बोल्ला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मस्करी कराची तं साहेबाची कर, सरची कर, माही कर. हिशेबाची मस्करी करते का कोनी? चार मानसांत मले उभं केलं! अंबाडा सुटेल होता माहा! अन् तो डबा, तो तरी धुतेल होता का? साऱ्या जगानं पाह्यला. आता इथून वापस येतो तं त्यात काय भरून आनू, हे सांग. रिकामा आनाची सवय नाई मले. बोल ना! आता काहून गप? साऱ्या दुनियेचे आवाज काढते, अन् तुहा सोताचा कुठी गेला?"